फॉर्म भरून नेला, आता आपली वही काढा

नाचणगावच्या घराघरांतल्या मंडळींनो,

तुमच्या दारात अधूनमधून दोन-चार पोरं-पोरी येतात. पाठीला सॅक, हातात छापील कागद. म्हणतात, "काकू, पाच मिनिटं द्या. आम्ही भूगोलाचे विद्यार्थी, कॉलेजचा प्रकल्प आहे." मग विचारत सुटतात. वावर किती? ओलीत की कोरडवाहू? यंदा काय पेरलं? घरात रोज काय शिजतं? पोरं कोणत्या शाळेत जातात? तुम्ही एक डोळा दुधावर ठेवून उत्तरं देता. ते खुणा करतात, पाणी पितात आणि पुलगावची वाट धरतात.

पुढे त्या कागदाचं काय झालं, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. म्हणून पुढच्या वेळी तुम्ही दार अर्धवट लावून घेता, किंवा मनाला येईल ते सांगून मोकळे होता.

मी तुम्हाला दोष देणार नाही. मीही कधीकाळी असा कागद घेऊन फिरलो आहे. पन्नास घरं करायची होती. चाळीस झाली, ऊन वाढलं, आणि उरलेले दहा फॉर्म मी एका कडुलिंबाखाली बसून स्वतःच भरले. गुरुजींना कळलं नाही, गुण चांगले मिळाले. आज त्याची लाज वाटते. त्या दहा घरांत कोण काय खात होतं ते मला माहीत नव्हतं, तरी मी लिहिलं. म्हणून आज जे सांगतो ते दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाचं ऐका.

पहिली गोष्ट, त्या पोरांना हाकलू नका.

गावाची नोंद कोणीतरी केली म्हणूनच जुनं कळतं. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याचा घरोघर, शेतोशेत अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक छापलं. त्या गावात १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. वाटण्या होत गेल्या, तुकडे पडत गेले. आज त्या गावात वावर दिसत नाही, उंच इमारती दिसतात. पण तिथले शेतकरी कसे अडचणीत येत गेले, हे शंभर वर्षांनी आपण वाचू शकतो. तुमच्या घरातही आजोबांचं वावर किती होतं आणि आज भावाभावांत किती आहे, हा हिशेब काही वेगळा निघणार नाही. फक्त तो कोणी लिहिलेला नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत राहणाऱ्या, गांधीजींच्या विचाराच्या अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी आधी गुजरातेत मातर तालुक्याची पाहणी केली होती, तीही विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. पुढे १९३९ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या गावांच्या उद्योगांची पाहणी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. घाणी किती, माग किती, कोण किती कमावतो, हे सगळं त्यांनी विचारलं. तेव्हाही लोक चुलीवर लक्ष ठेवूनच उत्तरं देत असतील.

तेव्हा बसवा पोरांना. चहा पाजा. पण आधी चार गोष्टी विचारून घ्या.

कोणत्या कॉलेजचे? प्राचार्यांचं पत्र आहे का? शिकवणाऱ्या सरांचा किंवा मॅडमचा फोन नंबर द्या. खरा विद्यार्थी याचा राग मानत नाही. उलट त्याला बरं वाटतं की कोणी गंभीरपणे घेतलं.

आधार क्रमांक देऊ नका. बँकेचं पासबुक दाखवू नका. मोबाइलवर आलेला ओटीपी तर मुळीच सांगू नका. भूगोलाच्या अभ्यासाला यातलं काहीच लागत नाही. कोरा कागद असेल किंवा खाली 'मला सर्व मान्य आहे' असं लिहिलेलं असेल, तर वाचल्याशिवाय सही-अंगठा नाही. लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू देऊ नका. नाव लिहायचं नसेल तर तसं सांगा. 'घर क्रमांक बारा' एवढं त्यांना पुरतं.

आणि एवढं विचारल्यावर उत्तर मात्र खरं द्या.

आपली एक सवय आहे. उत्पन्न विचारलं की कमी सांगायचं, न जाणो योजनेतून नाव कटेल. जेवण विचारलं की चांगलं सांगायचं, न जाणो पाव्हण्यासमोर कमीपणा येईल. सगळ्या गावानं असंच सांगितलं तर कागदावर काय येईल? नाचणगावात पिकत काही नाही, पण खायला मात्र सगळं मिळतं. असा अहवाल वाचून कोण तुमच्यासाठी काय करणार? ज्या दिवशी नुसतं तिखट-भाकर होतं, त्या दिवशी तिखट-भाकर सांगा.

शेवटी एक मागणं ठेवा. "तुमचं लिहून झालं की आम्हाला वाचून दाखवाल का?" १५ ऑगस्टच्या किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दहा मिनिटं पुरतात. सरपंचांना, गुरुजींना आधी सांगून ठेवा. दहापैकी दोन गट तरी परत येतील. जे येतील त्यांचं ऐका, आणि चुकलं असेल तर तिथेच सांगा.

हे झालं दुसऱ्यांच्या कागदाचं. आता आपल्या वहीचं.

माझं म्हणणं असं की बाहेरचे येऊन विचारतात ते प्रश्न चांगले असतात, पण उत्तरांची गरज सगळ्यात जास्त तुम्हालाच आहे. म्हणून घरात एक वही करा. लिहायचं काम शाळेत जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला द्या. तुम्ही सांगा, ते लिहितील. त्यांचा भूगोल होईल आणि तुमचा हिशेब.

सुरुवात ताटापासून करा, ते सोपं आहे.

एका रविवारी दुपारी जेवायला बसलात की पोरीला सांगा, ताटातली एकेक वस्तू लिही आणि पुढे लिही ती आली कुठून. समजा पोळी, वरण, भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी असं ताट आहे. पोळीचे गहू रेशनचे, बाहेरच्या राज्यातून आलेले. भात इथला नाही, तो भंडारा-गोंदियाकडचा किंवा त्याहून दूरचा. वांगी परसातली. भाजीवरचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेजारच्या काकूंकडचा. मीठ समुद्रावरून आलं, चहा आसामातून.

वरणापाशी थांबा. तूर तुमच्याच वावरात होती, पऱ्हाटीच्या मधल्या तासांत. ती तुम्ही पुलगावला विकली आणि किराणा दुकानातून पाकिटातली डाळ आणली. विकताना भाव काय मिळाला आणि घेताना किती दिले, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहायला लावा. डाळ करताना तुरीची घट होते, मजुरी लागते, हे मान्य. तरीही तो फरक पाहून पुढच्या वर्षी घरापुरती तूर तुम्ही मागे ठेवाल, असं मला वाटतं.

मग तेलापाशी थांबा. आपल्या भागात जवस होता, तीळ होता, करडई होती. गावातल्या घाणीवर तेल निघायचं आणि ढेप बैलांना जायची. आता वावरात सोयाबीन आणि घरात तेलाचं पाकीट. आपला देश खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलमधून. म्हणजे सोयाबीन पिकवणाऱ्या नाचणगावच्या कढईत सातासमुद्रापलीकडचं तेल पडू शकतं. तिकडे पाऊस चुकला की इकडे फोडणी महागते. पोरांना जगाचा नकाशा शिकवायला याहून सोपं साधन मला तरी सापडलेलं नाही.

जुन्या बायांना विचारा, त्यांच्या लहानपणी ताटात काय होतं. ज्वारीची भाकर रोजची होती. अंबाडीची भाजी, तुरीच्या सोल्यांची भाजी, पावसाळ्यात तरोटा, कुंजर, चिवळ, घोळ, कटुले. ही नावं वहीत लिहून घ्या. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात, कोणत्या धुऱ्यावर मिळते तेही लिहा. ज्या बाईला हे माहीत आहे ती गेली की ते गेलं. एक सावधगिरी मात्र बाळगा. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची भाजी तोडू नका, मग ती कितीही कोवळी दिसो.

ज्वारी सगळ्यांनी पुन्हा लावा, असं मी म्हणणार नाही. पाखरं, रानडुकरं, राखण, कापणी, सगळं मला माहीत आहे. सोयाबीन तीन-सव्वातीन महिन्यांत हातात पैसा देतं, म्हणून लोक तिकडे गेले. त्यात मूर्खपणा नव्हता. पण घरापुरती चार तासं ज्वारी आणि गुरांना तिचा कडबा, एवढा विचार करून पाहा.

आता पाऊस. या पानावर जरा जास्त वेळ द्या.

सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या. तोंड आणि बूड एकाच मापाचं हवं, रुंदी कितीही असो. अंगणात मोकळ्या जागी ठेवा. वळचणीचं पाणी, झाडाचं ठिबकणं त्यात पडायला नको. वारा लागून कलंडू नये म्हणून दोन विटांमध्ये अडकवा. रोज सकाळी साडेआठला पोरानं आत पट्टी उभी करून मिलिमीटर मोजायचे, लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. हवामान खातंही साडेआठलाच मोजतं.

एक मिलिमीटर म्हणजे किती, हे कळलं की गंमत येते. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडला की तुमच्या एका एकरावर एक लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे दहा टँकर. ते धुऱ्याबाहेर वाहून गेलं की वावरातच मुरलं, हा पुढचा प्रश्न पोरगं स्वतःच विचारेल. त्याला घेऊन वावरात जा आणि दाखवा. उताराला आडवी पेरणी का करायची, हे तेव्हा त्याला समजेल.

या डब्याचा दुसरा उपयोग पेरणीला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असं कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. आपली जुनी माणसं वीतभर ओल बघून पेरायची. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पण मिरगाची पहिली सर आली की शेजाऱ्याची तिफण निघते आणि आपल्याला धीर धरवत नाही. मग ऊन पडतं, बी करपतं, आणि बियाणं, खत, मजुरी सगळं दुबार. वहीत जर '३२' लिहिलेलं दिसलं, तर हात थोडा तरी आखडेल.

तिसरा उपयोग जास्तीच्या पावसात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला की ती अतिवृष्टी धरली जाते. मंडळाचं यंत्र एका जागी असतं, ढग दुसऱ्या जागी फुटतो. तुमच्या डब्याला सरकारी किंमत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तो पुरावा म्हणून कोणी घेणार नाही. पण तलाठ्याकडे जाताना "फार पाऊस झाला हो" म्हणणं वेगळं आणि तारीख, वेळ, आकडा सांगणं वेगळं. शेजारच्या पाच घरांच्या वह्या एकच आकडा सांगत असतील तर तुमचं बोलणं लवकर ऐकलं जातं.

त्याच पानावर पिकाची नोंद झाली की नाही, तेही लिहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. वावरात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून, तुमचं पीक तुम्हीच सातबाऱ्यावर चढवायचं. हे अनेक घरांत राहून जातं, आणि मदत, खरेदी, कर्ज यांच्या वेळी धावपळ होते. मोबाइल पोरांना येतो, वावराची हद्द तुम्हाला माहीत. दोघं मिळून जा.

मातीचं थोडक्यात सांगतो. शाळेच्या पुस्तकात 'काळी मृदा' एवढंच असतं. आपल्या भागातले जुने लोक तिचे प्रकार करायचे: काळी, मोरंड, खरडी, बरडी. इंग्रजांच्या बंदोबस्ताच्या कागदांतही हीच नावं आहेत, कारण सारा त्यावर ठरायचा. तुमच्या वावराचा कोणता तुकडा कोणता, हे आजोबांना विचारून वहीत नकाशा काढा. विहीर, धुरा, नाला, पांदण, बाभळी, सगळं दाखवा. बरडीवर जेवढं खत टाकता तेवढंच काळीवर टाकत असाल तर कुठेतरी पैसा वाया जातो आहे.

माती तपासायची असेल तर पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी नमुना घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करा, माती एकत्र कालवा आणि अर्धा किलो पिशवीत भरा. झाडाखालची, उकिरड्याजवळची, विहिरीच्या काठची, धुऱ्याची माती नको. काळीचा नमुना वेगळा, बरडीचा वेगळा. पुढचं सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. माणसं आपल्याच जिल्ह्यातली आहेत, संकोच करू नका.

विहिरीचं पाणी वर्षातून चार-पाच वेळा मोजलं तरी पुरे. दोरीला हातहातावर गाठी मारा, खाली दगड बांधा. पोळा, दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा, अक्षय तृतीया. सणाला मोजलं की विसरायला होत नाही. दोरी सोडताना पोरांना काठावर वाकू देऊ नका. ते काम मोठ्यानंच करायचं.

आणि बियाणं. कपाशीचं संकरित बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही. सोयाबीनचं मात्र तसं नाही. ते सरळ वाणाचं असतं, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. फक्त साल नाजूक असते, म्हणून पोतं आपटू नका. मे महिन्यात शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी पोरांना मोजायला लावा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवावं लागेल, फारच कमी असतील तर ते बी पेरूच नका. याला खर्च शून्य येतो आणि शेकडेवारीचं गणित कायमचं डोक्यात बसतं.

आता शाळेबद्दल एक विनंती.

गुरुजी किंवा बाई पोरांना वावरात, नाल्यावर, बाजारात घेऊन गेल्या की काही पालक शाळेत जाऊन भांडतात. "शिकवायचं सोडून गावभर हिंडवता?" असं म्हणू नका. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच देशभरातली जाणती माणसं जमली होती. हातानं काम करत, आपल्या भोवतालातून शिकावं, हा गांधीजींचा विचार तिथे मांडला गेला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्यानं वर्षानुवर्षं तशी शाळा चालवली. नई तालीम म्हणून ती जगाला माहीत झाली, आणि ती आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर होती. बाजारात कांद्याचा भाव विचारणारं पोरगं शिकतच असतं.

उलट तुम्ही शाळेला वही द्या. महिन्यातून एकदा वर्गात सगळ्यांचे पावसाचे आकडे फळ्यावर लिहा म्हणावं. वर्धा नदीच्या काठाकडे किती, पुलगावच्या बाजूला किती. एकाच गावात फरक दिसेल. शाळेच्या परसबागेत अंबाडी आणि चवळी लावायला बी तुमच्या घरचं द्या. शाळेत शिजणारा आहार कधीतरी स्वतः जाऊन चाखा, आणि चांगला असेल तर शिजवणाऱ्या बाईला तसं सांगा.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. फवारणी चालू असेल त्या वावरात पोरांना अभ्यासाच्या नावाखालीही नेऊ नका. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाचे डबे पोरांना मोजायला, धुवायला देऊ नका. पाऊस मोजायचा डबाही कीटकनाशकाचा रिकामा झालेला घेऊ नका. वहीत औषधाचं नाव, तारीख, किती टाकलं ते मोठ्या माणसानं लिहावं. कधी कोणाला चक्कर आली, उलट्या झाल्या, तर दवाखान्यात जाताना वही आणि डब्यावरचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना काय औषध होतं ते लगेच कळेल.

वही रोज लिहिणं होणार नाही. लगीनसराईत राहील, वेचणीत राहील. राहू द्या. चार दिवस सुटले म्हणून फेकून देऊ नका, आणि सुटलेले दिवस अंदाजानं भरूही नका. ती जागा कोरी ठेवा. मी कडुलिंबाखाली जे केलं ते तुम्ही करू नका.

मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतो. त्याआधी पुलगावच्या बाजारात जाल तेव्हा एक दोनशे पानी वही आणि एक पट्टी घेऊन या. पहिल्या पानावर घरात सगळ्यात म्हातारं जे कोणी आहे, त्याचं नाव लिहा आणि त्याला विचारा, तुमच्या लहानपणी या वावरात काय पेरत होते?